‘सिस्टर तर नुसत्या बसून असतात’: मानसोपचार वॉर्डातलं नर्सिंग म्हणजे नेमकं काय

आमच्या वॉर्डात एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा भरती होता. सोबतीला थोरला भाऊ. चार दिवस तो आमच्याकडे बघत होता आणि पाचव्या दिवशी न राहवून म्हणाला, “सिस्टर, राग मानू नका, पण इथे तुम्हाला काम तरी काय असतं? सलाइन नाही, ड्रेसिंग नाही. माझ्या भावाच्या पलंगाजवळ तुम्ही नुसत्या बसून असता.” त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. आदल्या वर्षी आईच्या ऑपरेशनच्या वेळी त्याने सर्जरीचा वॉर्ड पाहिला होता. तिथे सिस्टरला घोटभर पाणी प्यायला फुरसत नसते. मी त्याला दोन-चार वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण ते पुरेसं नव्हतं हे मला तेव्हाच कळत होतं. त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर इथे सविस्तर लिहिते आहे.

त्याच्या भावाच्या पलंगाजवळ मी अर्धा-अर्धा तास बसायची, तेव्हा काय करत होते? त्या आजारी मुलाचे ओठ हलतायत का ते पाहत होते. कुणी हाक मारली नसताना तो मध्येच मान वळवून कोपऱ्याकडे बघतो का, म्हणजे त्याला काही ऐकू येतंय का. सकाळच्या गोळीनंतर पाय एका जागी ठरतात की सारखे हलत राहतात. उशाच्या बाटलीतलं पाणी किती उतरलं. वडिलांचं नाव निघालं की चेहरा कसा होतो. आणि या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे मी तिथे होते, काही मागत नव्हते, त्याच्यावर उखडत नव्हते. चौथ्या दिवशी त्याने स्वतःहून पहिलं वाक्य उच्चारलं: “तुम्हाला पण त्यांनीच पाठवलंय का?” बाहेरच्या माणसाला हे वेड्यासारखं बोलणं वाटेल. आमच्यासाठी ते दार किलकिलं झालं होतं.

मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, मधुमेह रक्तात सापडतो. स्किझोफ्रेनिया (भास-संशयाचा आजार), बायपोलर (मन कधी अति उत्साहात, कधी खोल उदासीत जाण्याचा आजार) किंवा नैराश्य यांचं निदान करणारी रक्ततपासणी अजून तरी नाही. थायरॉइड, बी-१२, मेंदूचा स्कॅन या तपासण्या करतात त्या दुसरा कुठला आजार मनाच्या आजाराचं सोंग घेऊन आलेला नाही ना, हे बघायला. मनाचा आजार दिसतो तो झोपेत, जेवणात, बोलण्यात, अंघोळ करण्यात आणि न करण्यात. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा दहा मिनिटं पेशंट सावरून बसू शकतो. पहाटे तीन वाजता तो कसा असतो हे फक्त नाइट ड्यूटीच्या सिस्टरला आणि वॉर्डातल्या मावशींना ठाऊक असतं. उपचार बदलायचा की नाही, हे पुष्कळदा त्या तीन वाजताच्या माहितीवर ठरतं.

म्हणून आमच्याकडे लिहिण्याला फार किंमत आहे. नवीन आलेल्या स्टाफच्या नोंदी मी वाचते तेव्हा निम्म्या ठिकाणी एकच वाक्य असतं: ‘पेशंट शांत आहे.’ शांत म्हणजे काय? गाढ झोपलाय, औषधाने गुंगलाय, मनात काहीतरी ठरवून गप्प बसलाय, की खरंच बरा आहे? त्याऐवजी असं लिहिलेलं मला हवं असतं: ‘सकाळपासून दोनपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून. हाक मारल्यावर तिसऱ्या वेळी ओ दिली. जेवणात अर्धी पोळी, भाजीला हात लावला नाही. पाचला स्वतः उठून चहाचा कप घेतला.’ यात माझं मत कुठेच नाही, आणि पुढच्या पाळीच्या सिस्टरला माणूस जसाच्या तसा दिसतो.

पेशंट आणि परिचारिका यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे, ही गोष्ट हिल्डगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली पुस्तक लिहून नीट मांडली. आधी दोन अनोळखी माणसं भेटतात, मग विश्वास बसतो, त्या विश्वासाच्या जोरावर काम होतं, आणि शेवटी ते नातं सांगून-सवरून संपवायचं असतं. शेवटची पायरी आम्हाला सगळ्यात अवघड जाते. बदली झाली, सुट्टी घेतली, तर आधी दोन दिवस सांगायचं. ज्याला आयुष्यात माणसं न सांगता सोडून गेली आहेत त्याला सिस्टर अचानक दिसेनाशी झाली तर महिनाभराची कमाई एका सकाळी जाते. आणि या नात्याला कुंपणही लागतं. “कुणाला सांगणार नसाल तर एक सांगतो,” असं पेशंट म्हणाला की मोह होतो हो म्हणायचा. म्हणायचं नाही. “तुमच्या जिवाला धोका असेल तर मला डॉक्टरांना सांगावं लागेल, बाकी माझ्यापाशी राहील,” हे आधी सांगायचं. बहुतेक जण त्यानंतरही सांगतात.

आता हे सगळं फक्त मनोरुग्णालयात लागतं असा एक समज आहे. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. ठाण्याचं १९०१ सालापासून चालू आहे. मुंबईत कुणी विचित्र वागलं की ‘ठाण्याला पाठवा’ आणि पुण्यात ‘येरवड्याला न्या’, असं लोक सहज बोलून जातात. त्या एका वाक्यापायी कितीतरी घरांतली माणसं आजार अंगावर काढतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दर १०० प्रौढांमागे १० ते ११ जणांना त्या काळात कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. ही माणसं कुठे असतात? घरात, शेतात, ऑफिसात, आणि पुष्कळदा दुसऱ्याच कुठल्या तरी वॉर्डात.

हाडांच्या वॉर्डात मी एकदा बदली ड्यूटी केली होती. मोटरसायकलवरून पडून मांडी मोडलेला चाळिशीचा माणूस, दोन दिवस अगदी गुणी. तिसऱ्या रात्री त्याने चादरीवरून काहीतरी वेचायला सुरुवात केली. हात थरथरत होते, घामाने बनियन भिजलं होतं, आणि “मुंग्या झाडा, मुंग्या झाडा” म्हणत तो पायाला लावलेल्या वजनांसकट पलंगावरून उतरू बघत होता. शेजारचे नातेवाईक म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे. ड्यूटीवरचे मामा म्हणाले, बांधून टाकू. मी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, “हे रोज घेतात का?” ती आधी नाही म्हणाली. मग, “थोडीच, जेवणाच्या आधी.” किती वर्षं? “लग्न झालं तेव्हापासून.”

रोज दारू घेणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांनी हा प्रकार होऊ शकतो. मेंदू इतकी वर्षं दारूच्या दाबाखाली चाललेला असतो, तो दाब अचानक निघतो आणि सगळं उधळतं: भास, थरथर, घाम, ताप, फिट. वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. डॉक्टरांना बोलावलं, औषध सुरू झालं. यात सिस्टरने लक्षात ठेवायची एक गोष्ट आहे. अशा माणसाच्या अंगात बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा खडखडाट असतो. ते न देता ग्लुकोजचं सलाइन लावलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आधी थायमिन. मग खोलीत दिवा चालू ठेवायचा, ओळखीचं एकच माणूस जवळ बसवायचं, आणि दर थोड्या वेळाने सांगायचं: “तुम्ही दवाखान्यात आहात, पाय मोडलाय, आज गुरुवार आहे, रात्रीचे दोन वाजलेत.” सकाळी तो झोपला. भरतीच्या वेळी दारूचा प्रश्न विचारला गेला असता तर ती रात्र टळली असती. कुणाला पापी ठरवायला हा प्रश्न विचारायचा नसतो, तो रक्तगटाइतकाच कोरडा आणि गरजेचा आहे.

आता आवाजांविषयी, कारण घरच्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पेशंट म्हणतो, “ते मला शिव्या देतायत, तुम्हाला ऐकू येत नाही?” घरचे दोनपैकी एक करतात. “कुणी नाहीये, डोकं चालव जरा,” म्हणून भांडतात, नाहीतर त्याला बरं वाटावं म्हणून “हो हो, आम्ही त्यांना हाकलून दिलं” म्हणतात. पहिल्याने तो एकटा पडतो. दुसऱ्याने त्याच्या भासावर शिक्कामोर्तब होतं. मेंदूच्या दृष्टीने तो आवाज खरा असतो, तुमचा-माझा आवाज जितका खरा तितकाच. आम्ही म्हणतो ते असं: “मला तो आवाज ऐकू येत नाही. पण तुला येतोय आणि तू घाबरला आहेस, हे मला दिसतंय. मी इथेच आहे.” यात खोटं काही नाही आणि त्याला खोटं पाडलेलंही नाही.

मग एक प्रश्न न चुकता विचारायचा: आवाज काय सांगतात? नुसती टवाळी करत असतील तर एक गोष्ट. ‘गच्चीवर जा’, ‘तिला मार’ असा हुकूम देत असतील तर त्या क्षणापासून त्या पेशंटवरची नजर काढायची नाही. विचारलं नाही तर कळत नाही, आणि पुष्कळ जण विचारायला घाबरतात. आवाज थोपवायच्या काही साध्या युक्त्याही लोकांना उपयोगी पडतात: मोठ्याने वाचणं, गुणगुणणं, कानात गाणी लावणं, कुणाशी बोलत राहणं. एक आजोबा आवाज वाढले की मनाचे श्लोक मोठ्याने म्हणायचे. आम्ही त्यांना कधी थांबवलं नाही.

मॅनिया, म्हणजे बायपोलर आजारातली अति उत्साहाची अवस्था, ही वेगळीच तऱ्हा. चार-चार रात्री झोप नाही, बोलण्याला खंड नाही, अंगात दहा माणसांचं बळ. अशा वेळी सिस्टरची सर्वांत मोठी काळजी असते खाण्यापिण्याची. अशा एखाद्या बाई ताटावर बसणारच नाहीत. दोन घास घेतले की उठून कुणाला तरी आशीर्वाद द्यायला निघतील. मग तुपाची पोळी गुंडाळून हातात द्यायची, केळं द्यायचं, राजगिऱ्याचा लाडू द्यायचा, ताकाचा पेला धरून त्यांच्याबरोबर व्हरांड्यात चालायचं. चालता चालता पोटात जाईल ते खरं. टीव्ही बंद, पलंग दारापासून लांब, बोलणं थोडक्यात. आणि तिन्ही पाळ्यांनी एकच उत्तर द्यायचं. सकाळच्या सिस्टरने फोन नाही म्हटलं आणि दुपारच्या ब्रदरने दिला, की संध्याकाळपर्यंत सगळा वॉर्ड त्या फोनवरून पेटतो.

मॅनियात माणूस लाज सोडून वागतो. कपडे फेकतो, नको ते बोलतो, दागिने वाटून टाकतो. बरं झाल्यावर त्यातलं पुष्कळसं त्याला आठवतं, आणि तेव्हा ते सोसवत नाही. म्हणून त्या वेळी चादर घेऊन धावणं, बघ्यांना हटवणं, मोबाइलवर कुणी चित्रीकरण करत असेल तर ते थांबवणं, बांगड्या मोजून नातेवाइकांच्या सहीने त्यांच्या ताब्यात देणं, हे मी गोळी देण्याइतकंच मोठं काम मानते. आपण तेव्हा त्या बाईची लाज सांभाळत असतो, जी चार आठवड्यांनी शुद्धीवर येऊन विचारणार असते, “सिस्टर, मी काय काय केलं हो?”

नैराश्यात यातलं काहीच नसतं. तिथे नुसती शांतता. पन्नाशीच्या एका काकूंनी भरती झाल्यापासून केसांना फणी लावली नव्हती. विचारलं तर डोळे मिटून घ्यायच्या. अशांना ‘हसा जरा, सगळं चांगलं तर आहे तुमचं’ म्हणणं म्हणजे दुखऱ्या जागेवर दाब देणं. मी जाऊन सांगायची, “काकू, मी पंधरा मिनिटं इथे बसणार आहे. बोलायलाच हवं असं नाही.” पंधरा मिनिटं झाली की उठायची आणि जाताना सांगायची, “चारला परत येते.” आणि चारला जायचीच. या ‘जायचीच’वर सगळं उभं असतं. सहाव्या दिवशी मी तेलाची बाटली घेऊन गेले, विचारलं लावू का, त्या काही बोलल्या नाहीत, पण मान किंचित पुढे केली. गुंता सोडवायला चाळीस मिनिटं लागली. त्या दिवशीची माझी नोंद होती: ‘केस विंचरू दिले.’ डॉक्टरांनी राउंडला ती ओळ दोनदा वाचली.

आत्महत्येबद्दल स्पष्ट बोलते. ‘विचारलं तर डोक्यात नसलेलं येईल’ ही भीती निराधार आहे. “इतकं असह्य होतं तेव्हा जीव द्यावा असं मनात येतं का?” असं थेट, खालच्या आवाजात विचारलं की बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, कारण तोवर ते एकट्याने वाहत असतात. हो म्हणाले तर पुढे विचारायचं: काही ठरवलंय का, कशाने, कधी, आधी प्रयत्न झालाय का. उत्तरांवरून ठरतं की त्यांच्यावर दर पंधरा मिनिटांनी नजर टाकायची की हाताच्या अंतरावर सतत कुणीतरी बसायचं. वॉर्डात अशा वेळी ओढणी, नाडे, चार्जरच्या वायरी, काचेचे ग्लास काढून ठेवतो, तेही का काढतोय ते सांगून.

आणि एक गोष्ट घरच्यांनी मनावर कोरून ठेवावी. नैराश्याच्या गोळ्यांचा मनावर परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी अधिक. त्याआधी अंगातला मरगळलेपणा थोडा कमी होतो. म्हणजे मनात मरणाचे विचार तसेच आणि ते तडीस न्यायचं बळ मात्र परत आलेलं, असे काही धोक्याचे दिवस मध्ये येऊ शकतात. माणूस अचानक हलका, निवांत दिसू लागला, स्वतःच्या वस्तू वाटू लागला, की नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. सिस्टर तेव्हा खुर्ची आणखी जवळ ओढते.

आता औषधं. आमच्या कामातला हा भाग बाहेरून सगळ्यात सोपा दिसतो: गोळी दिली, पाणी दिलं, तोंड उघडून जीभ वर करायला लावली, झालं. गोळी गालात दाबून ठेवणारे पेशंट असतात, आम्हाला माहीत असतं. पण त्यांच्यावर ओरडण्याआधी विचारायचं, का नको? उत्तर बहुतेकदा शहाणपणाचं असतं. वजन वाढलं, दिवसभर झापड येते, तोंडातून लाळ गळते, बायकोजवळ जाता येत नाही. शेवटचं कारण पुरुष कधीच आपणहून सांगत नाहीत, आणि घरी गेल्यावर गोळ्या बंद करण्यामागे ते पुष्कळदा असतं. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. पण त्यासाठी ते कुणीतरी ऐकायला हवं.

भास-संशयावरचं हॅलोपेरिडॉलसारखं इंजेक्शन दिल्यावर काही तरुण पेशंटची मान एकाएकी एका बाजूला वळते, डोळे वर चढून तिथेच राहतात, जीभ जड होते. नातेवाईक हात जोडतात, त्यांना वाटतं अंगात आलं. हा औषधाचा दुष्परिणाम आहे, त्यावर उतारा म्हणून प्रोमेथाझिन दिलं की थोड्या वेळात मान सरळ होते. त्या वेळात पेशंटच्या कानाशी बोलत राहायचं, कारण तो पूर्ण शुद्धीत असतो आणि भयंकर घाबरलेला असतो. पाय ठरत नाहीत, एका जागी बसवत नाही, ही दुसरी तऱ्हा. ती ओळखली नाही तर आजार बळावला असं समजून औषध वाढवलं जातं आणि हाल दुप्पट होतात. म्हणून त्या मुलाचे पाय मी इतके निरखत होते. याच औषधांवर कडक ताप आणि लाकडासारखं ताठलेलं अंग दिसलं, तर वाट बघायची नाही, डॉक्टर त्या क्षणी हवेत.

लिथियमचं तर आपल्याकडे स्वतंत्र सांगायला हवं. बायपोलर आजारात ते फार चांगलं काम करतं, पण औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मध्ये राहायला हवी, दीडच्या वर गेली की धोका. ही तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करायची असते. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. आता आपलं वर्ष डोळ्यांपुढे आणा: एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, हरतालिकेचा निर्जळी उपास, मे महिन्यातलं ऊन, जुलाब. या दिवसांत लिथियमवरचा माणूस वांत्या करत, झोकांड्या खात, अडखळत बोलत आला, हात जोरजोरात थरथरत असले, तर ते पित्त नाही. डिस्चार्जच्या वेळी मी बायकांना मुद्दाम विचारते, “उपास कुठले धरता?” उपास सोडा असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना आधी सांगा, निर्जळी करू नका, मीठ बंद करू नका, आणि गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक परस्पर आणू नका, कारण त्यांनीही पातळी चढते.

स्किझोफ्रेनियात ज्यांना बाकी औषधं लागू पडत नाहीत त्यांच्यासाठी क्लोझापिन आहे. त्यामुळे काही जणांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या घटतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी तपासणी. आणि बद्धकोष्ठ. हे ऐकून लोक हसतात, पण या औषधावर आतडं पार थंडावून जीवावर बेतू शकतं. ‘पोट साफ झालं का’ हा आमचा प्रश्न म्हणून रोजचा.

यावरून एक सल बोलून टाकते. मानसिक आजाराचा शिक्का बसला की माणसाच्या शरीराची तक्रार कुणी खरी मानत नाही. एका रुग्णालयात मी पाहिलेली गोष्ट आहे, एक पेशंट दोन दिवस पोटात दुखतंय म्हणत होता. ‘त्याला असंच वाटतं’ म्हणून ते सोडून दिलं गेलं. तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटलेलं निघालं. तो वाचला. पण तेव्हापासून भास असलेल्या माणसाने दुखतंय म्हटलं की मी आधी नाडी, ताप, रक्तदाब घेते आणि पोटाला हात लावून बघते.

विजेच्या उपचाराबद्दल सिनेमांनी पसरवलेली भीती मोठी आहे, म्हणून दोन वाक्यं. तो भूल देऊन आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊनच करतात, तसं न करता करणं कायद्याने बंद आहे, आणि तीव्र नैराश्यात किंवा माणूस दगडासारखा थिजला असेल तेव्हा तो जीव वाचवतो. सिस्टरचं काम म्हणजे आधी उपाशी ठेवणं, कवळी काढणं, संमतीची सही समजावून घेणं, आणि जाग आल्यावर तोच धीराचा आवाज: तुम्ही कुठे आहात, काय झालं, विसरल्यासारखं वाटतंय ते हळूहळू निवळतं.

बांधून ठेवण्याचं मात्र लांबवून सांगते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीत एका खासगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांना पळता आलं नाही, २८ जण गेले. त्या घटनेने देश हादरला. पुढे आलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, तो २०१८ मध्ये लागू झाला. साखळीला त्यात कुठल्याही स्वरूपात जागा नाही. एकट्याला खोलीत कोंडायला बंदी. हातपाय बांधणं फक्त तेव्हाच, जेव्हा त्याला किंवा इतरांना त्या क्षणी होऊ घातलेली इजा टाळायचा दुसरा कुठलाच मार्ग उरलेला नाही, आणि तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ, कारण आणि पद्धत लगेच लिहून. पेशंटने नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून नाही. स्टाफ कमी आहे म्हणून तर नाहीच, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. रात्री भरलेल्या वॉर्डात एकटीने ड्यूटी करताना मला ते वाक्य बोचतं आणि तरी ते तसंच असायला हवं. त्याच कायद्याने सक्तीने डोकं भादरायला आणि गणवेश लादायलाही मनाई केली आहे. स्वतःचा कुडता घालून बसलेला पेशंट आणि मापात न बसणाऱ्या सरकारी कपड्यातला पेशंट यांच्या बसण्यातच फरक असतो.

बांधण्याची वेळ बहुतेकदा आधी टाळता येते. माणूस एकदम खवळत नाही. येरझाऱ्या वाढतात, मुठी वळतात, आवाज चढतो, उत्तरं तुटक होतात. त्याच वेळी एकीनेच बोलायचं, बाकीच्यांनी मागे व्हायचं. हाताच्या अंतराच्या बाहेर, थोडं तिरकं उभं राहायचं, त्याची आणि आपलीही दाराकडची वाट मोकळी ठेवायची. आवाज त्याच्यापेक्षा खाली. “दादा, काय झालं ते मला सांगा. उभ्याने की बसून?” असा छोटासा पर्याय दिला तरी पुष्कळदा पाणी खाली येतं, कारण वॉर्डात त्याच्या हातात काहीच ठरवायला राहिलेलं नसतं. इतकं करूनही बांधावं लागलं, तर दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग आणि नाडी बघायची, पाणी पाजायचं, लघवीला न्यायचं, पट्ट्याखाली कातडी सोलली नाही ना ते पाहायचं. सुटल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसायचं आणि झालं त्याबद्दल बोलायचं. हे शेवटचं सगळीकडे राहून जातं.

डिस्चार्जनंतरची परिचारिका घरातलंच कुणीतरी असतं. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी फार पूर्वी दाखवून दिलं की ज्या घरात सारखी टीका, चीड किंवा अति काळजीचा काच असतो तिथे स्किझोफ्रेनिया उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. आपल्या भाषेत याला टोमणे म्हणतात. ‘फुकटचं खातोस’, ‘शेजारचा बघ’, आणि त्याच्याच जोडीने ‘तू काही करू नको, बस तू’. घरचे दुष्ट असतात म्हणून असं होत नाही. ते दमलेले असतात, आणि आळस वाटतो तो आजाराचा भाग आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आम्ही डिस्चार्जआधी त्यांना बसवतो. झोप उडाली, अंघोळ टाळू लागला, संशय डोकावू लागला, की महिनाभर थांबू नका. ‘बरा आहे’ म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, तो गोळ्यांमुळे बरा आहे. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा, तो २०२२ पासून देशभर चालू आहे, फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सुरुवातीला सांगितला तो मुलगा आमच्याकडे सात आठवडे होता. शेवटी क्लोझापिन लागू पडलं. निघायच्या दिवशी थोरला भाऊ पिशवी भरून तयार होता. फाइलच्या मागच्या पानावर त्याने रक्त तपासायच्या तारखा उतरून घेतल्या, त्याखाली ‘ताप, घसा, पोट’ असं लिहून अधोरेखित केलं. मग पेन तसंच हातात धरून म्हणाला, “सिस्टर, घरी गेल्यावर परत आवाज येतात म्हणाला तर मी काय बोलायचं?” मी ते वाक्य सांगितलं. त्याने एकदा मनात म्हटलं, एकदा मोठ्याने म्हटलं, मग भावाकडे वळून म्हणाला, “मला ऐकू येत नाही, पण तुला येतंय हे मला दिसतंय. बरोबर?” धाकट्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या हातातली पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.